ताट वाजेपर्यंत

मोडकबाईंनी माझ्या एका हातात पितळेचं ताट दिलं, दुसऱ्यात लाटणं, आणि सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "बनुबाई, आता फेरी तुमची. ताट एकदा वाजलं की पुन्हा वाजेपर्यंत ह्या खोलीत कुणी 'नाही' म्हणायचं नाही. फेरी घेणारीनं तर मुळीच नाही." बाया हसल्या. माझ्या साताऱ्याच्या बाया तर पदर तोंडाशी धरून हसल्या, कारण बनुबाईच्या तोंडातनं 'नाही' काढून घेतलं तर मागं काय उरतं हे त्यांना ठाऊक. मीही हसले. हसले खरी, पण एसटीचं चाक खड्ड्यात जावं तसा आत कुठंतरी दणका बसला, आणि तो का बसला हे मला वळून न बघताही कळत होतं. माझ्या डाव्या अंगाला, फळ्यापाशी, हातात खडू घेऊन माझी सून लीला उभी होती. सगळ्या खोलीत ती एकटी हसली नव्हती.

हे शिबिर सांगलीला एका हायस्कुलाच्या हॉलात, दिवाळीच्या सुट्टीत भरलं होतं. जवानांच्या आया आणि बायका, अशा आम्हा मंडळवाल्या बायांना बैठक कशी चालवायची, सगळ्यांना बोलतं कसं करायचं, हे शिकवायला मोडकबाई पुण्याहून आल्या होत्या. बोलावणं आलं त्यात लिहिलं होतं की मंडळात बाया बोलत नाहीत ही मोठी अडचण आहे. लीलेनं ते वाचून दाखवलं तेव्हा मी म्हणाले, बाया बोलत नाहीत असं ह्यांना कुणी सांगितलं? बोलतात. मी असले की बोलत नाहीत, एवढंच. सदर बझारातलं आमचं मंडळ निघालं तेव्हापासनं अध्यक्षीण मीच. सुभेदाराची बायको म्हणून आधी, आणि नंतर माझ्यासमोर उभी राहायला कुणी धजत नाही म्हणून. मला दुसरीतनं शाळेतनं काढलेली. अक्षराला अक्षर लावत वाचता येतं, पण चारचौघींत फळ्यावर लिहायला जमत नाही, म्हणून लीलेला बरोबर आणली. हात तिचा, डोकं माझं. माझा बाळासो, एकुलता एक, बांगलाच्या लढाईत गेला त्याला तिसरं वर्ष सरत आलं. तेव्हापासनं घरात आम्ही दोघीच, त्यामुळं कुठला हात कुणाचा हे मी कधी वेगळं धरलंच नव्हतं. मागच्या महिन्यात भाकऱ्या थापताना ती पाठीमागनं म्हणाली, "आत्या, मिरजेला नर्सिंग शिकवत्यात. मला मुलाखतीला बोलावलंय." मी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाले, नाही. त्याला कारण जोडलं नाही. तिनं मागितलंही नाही. ती मुलाखत उद्या सकाळी होती, आणि मिरज इथनं सिटी बसनं हाकेच्या अंतरावर. संध्याकाळच्या गाडीनं आम्हा दोघींना साताऱ्याला परतायचं होतं. सांगलीत पाय ठेवल्यापासनं त्या पोरीनं मिरजेचं नाव काढलं नव्हतं. ती नाव काढत नव्हती म्हणूनच मला ते प्रत्येक बसच्या पाटीवर दिसत होतं.

मोडकबाई माणूस वाईट नव्हती. बारीक अंगाची, सुती पातळातली, बोलताना समोरच्या बाईच्या गुडघ्याला हात लावायची. सकाळभर तिनं आम्हाला फेरीची रीत शिकवली. आधी थोडा वेळ सगळ्यांनी डोळे मिटून गप्प बसायचं, आपापल्या मनात शोधायचं. मग वयानं सगळ्यांत लहान असेल तिनं पहिल्यांदा बोलायचं, थोरलीनं शेवटी. थोरली आधी बोलली की बाकीच्या तिचीच री ओढतात म्हणे. हे ऐकताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही, पण मला लागायचं ते लागलं. येडंबिद्रं सुचलं तरी बोलून टाकायचं, उलट येडंबिद्रं जास्त बरं. एकीनं एक सांगितलं की दुसरीनं त्याला आपली जोड द्यायची, "आन् शिवाय" म्हणायचं, "पण" म्हणायचं नाही. आणि फेरी घेणारीनं आपली पाळी येईपर्यंत आपलं मत गिळून बसायचं, जो शब्द येईल तो लिहून घ्यायला लावायचा. "आधी रास घालायची," मोडकबाई म्हणाल्या, "पाखडायचं मागाहून. पाखडत पाखडत रास घालायला गेलं तर दाणा खाली पडतच नाही." हे मला पटलं. खळ्यावरचं बोलणं मला पटतं. एकदा तर त्यांनी सवाल उलटा टाकला, मंडळ चांगलं कसं चालवायचं हे सोडा, मोडायचं कसं ते सांगा, तेव्हा बाया इतक्या सुटल्या की चहा गार झाला. मंडळ मोडायच्या तऱ्हा सांगताना आष्ट्याच्या शालूबाईनं बसल्या जागी माझी नक्कल केली, मान वाकडी करून, एक डोळा बारीक करून. मला हसू आलं, आणि हसू आलं ह्याचा रागही आला.

पण मोडकबाईंचं एक मला सकाळपासनं टोचत होतं. त्या घडीघडी म्हणत होत्या, इथं काही ठरत नाही, इथं नुसतं बोलायचं. पुण्यात असेल तसं. आमच्यात बैठक म्हणजे बैठक. लग्नाची असो, वाटणीची असो, घोंगड्यावर माणसं बसली, बोलणं निघालं आणि शेवटी कुणी थोरल्यानं विचारलं, कुणाचं काय? आणि कुणी काही बोललं नाही, की झालं. मग साखर फिरते. नाही म्हणायचं असेल तर ते तिथंच, त्याच घडीला म्हणायचं. उंबऱ्याबाहेर पडल्यावर म्हटलेलं 'नाही' कुणी धरत नाही, आणि धरायला लावणाऱ्याला माणसात बसवत नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा मी दाराआड चाळण घेऊन बसले होते. आजानं विचारलं, कुणाचं काय? बाहेर गप्प, आत गप्प. चाळणीतली कणी पडायची थांबली तेवढाच काय तो आवाज थांबला. त्या गप्प बसण्यात माझंही गप्प बसणं धरलं गेलं, हे मला तोंडात साखर आल्यावर कळलं. ती साखर ओली होती, कुणाच्या तरी घामेजल्या मुठीतली. आणि पुढं कितीतरी वर्षांनी, सुभेदार रिटायर होऊन साताऱ्यात घर घेतल्यावर, एका दुपारी जेवताना ते म्हणाले, पोरगं भरतीला जातंय, कुणाचं काय? ताटावर ते आणि बाळासो, वाढायला मी. तिघांच्यात कुणाचं काय म्हणून विचारायचं ते कुणाला? मी आमटीचा वगराळा धरून उभी होते. बाळासो माझ्याकडं बघत नव्हता, भाकरीचा तुकडा मोडत होता, मोडलेला पुन्हा मोडत होता. मी आमटी वाढली. सुभेदारांनी मान हलवली. झालं. आधी सुभेदार गेले, वर्षभरानं पोरगंही गेलं, आणि मग त्या घरात विचारणारं कुणी उरलं नाही तेव्हा मी नाही म्हणायला शिकले. कुणी काही विचारायच्या आत नाही. दूधवाल्याला नाही, भावकीला नाही, लीलेच्या माहेरच्यांना नाही. नाही म्हटलं की माणूस जागच्या जागी थांबतं. ते थांबलेलं मला बघायचं असतं.

मी ताट वाजवलं. आवाज मला वाटला त्याच्यापेक्षा मोठा निघाला, खिडकीतली चिमणी उडाली. सवाल मोडकबाईंनी ठरवून दिला होता, आणि तो ऐकल्यापासनं माझ्या पाठीचा कणा ताठ झाला होता: जवान माघारी आला नाही, तर त्याच्या बायकोनं पुढं काय काय करावं? मी तो तोंडानं म्हणाले. म्हणताना फळ्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. मला मिटायचे नव्हते, फेरी घेणारीनं जागं राहायचं असतं. मिटलेल्या डोळ्यांच्या एवढ्या बाया एकदम बघितल्यावर कसंसंच झालं. झोपेत माणूस जसं दिसतं तसं एकेकीचं तोंड उघडं पडलं होतं. लीलेनंही मिटले होते. कपाळ रिकामं, केस चापून बसवलेले, ओठांचा एक कोपरा आत ओढलेला. हा कोपरा बाळासो असतानाही असाच ओढायची का? मला आठवेना. तीन वर्षं जिच्या झाडण्याच्या आवाजानं मला रोज जाग आली तिचं तोंड मला आठवेना, समोर असून.

पहिल्यांदा कवठ्याची एक नवी पोर बोलली. म्हणाली, म्हशी पाळाव्यात. मी म्हणाले, "लिही." खडू चालला. दुसरी म्हणाली, आन् शिवाय दूध घरोघर न घालता डेअरीला घालावं. "लिही." शिलाईचं मशीन घ्यावं. "लिही." आन् शिवाय मास्तरांच्या बायकांची झंपर शिवावीत, त्या पैशे रोख देत्यात. "लिही." म्हसवडच्या हरणाबाई म्हणाल्या, मेंढरं. एवढंच म्हणाल्या, मेंढरं, आणि खाली बघितलं. "लिही." मला जमत होतं. मला वाटलं, हे तर हुकूम सोडण्यासारखंच आहे. मग शालूबाईची पाळी आली आणि ती मांडी बदलून म्हणाली, "तिनं एसटी चालवावी."

"ह्या बया!" कुणीतरी म्हणालं.

"का गं? येडंबिद्रं चालतंय न्हवं? चालवावी एसटी. आन् शिवाय सासूला भरतीला धाडावी."

"म्हातारीला कोन घेतंय गं भरतीत?"

"तोंड बघून घेत्याल. दुश्मन निम्म्या वाटंतनं माघारी पळंल."

हॉल हसून फुटला. मोडकबाई माझ्याकडं बघायला लागल्या. माझ्या जिभेच्या शेंड्यावर शालूबाईसाठी असं एक होतं की तिनं आष्ट्यापर्यंत घाम पुसला असता. लाटण्यावरची बोटं दुखायला लागली. मी म्हणाले, "लिही, लीला. सासू भरतीला." आणि लीलेनं ते लिहिलं, सरळ ओळीत, वर रेघ मारून. पाठमोऱ्या तिच्या खांद्यात मला काहीतरी हललेलं दिसलं, हसू असेल, नसेलही.

माझ्यासकट सगळ्यांचं झालं. तिनं घर धरून राहावं, एवढंच मी म्हणाले होते, आणि तेही शेवटी, थोरली म्हणून. मी ताट वाजवायला हात उचलला, तेवढ्यात मोडकबाई म्हणाल्या, "लिहिणारीची पाळी राहिली. लीलाबाई, तुम्ही वयानं लहान, खरं तर तुमचं पहिल्यांदाच घ्यायला हवं होतं."

मला आत्ता वाजवता आलं असतं. ताट माझ्या हातात, फेरी माझी. पण हॉलातल्या साताऱ्याच्या बाया माझ्या हाताकडं बघत होत्या. आत्ता वाजलं तर ते का वाजलं हे उद्या सदर बझारातल्या नळावर सांगितलं जाणार. लाटणं हवेत राहिलं. लीला वळली नाही. फळ्याला तोंड करून, लिहिता लिहिता बोलावं तसं बोलली. "तिनं मिरजेला नर्सिंग शिकायला जावं. मुलाखत उद्या सकाळी हाय." खडू थांबला. "सासूनं जाऊ द्यावं."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. नाही हा शब्द माझ्या घशात एवढा मोठा झाला की त्याच्या कडा मला टाळूला लागत होत्या, भाकरीचा कोरडा घास अडकतो तसा, आणि पाणी मागायचीही सोय नाही. मला तव्यावरची भाकरी दिसत होती. रिकामी चूल दिसत होती. सकाळी जाग आली आणि झाडण्याचा आवाजच नाही, असं अंगण दिसत होतं. त्या अंगणात मी उभी आहे आणि नाही म्हणायला समोर कुणी नाही. हिला कळलं होतं. हिनं महिनाभर वाट बघून नेमकी ही घडी धरली, जेव्हा माझं तोंड बांधलेलं आहे. मला राग यायला हवा होता. आला होताही. पण त्या रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं. आपल्याच घरातल्या माणसानं पत्त्याचा डाव चांगला टाकला की आतल्या आत जे होतं ते. लीला लिहीत नव्हती. मी म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, ही रीत होती, आणि ती रीत पाळत होती. सगळ्या बाया गप्प. त्या गप्प बसण्यात माझं गप्प बसणंही मिसळत चाललेलं मला दिसत होतं, आमटीत पाणी मिसळावं तसं.

"लिही," मी म्हणाले.

आणि मग जोड यायला लागली. आन् शिवाय रविवारी घरी यावं. आन् शिवाय तिथं थंडी आसती, घोंगडं न्यावं. आन् शिवाय सासूच्या गुडघ्याला ती फुकाट मालीश करंल, नर्स म्हनून! आन् शिवाय पुढल्या साली दुसरीच्या सुनंला धाडावी. एकीचं संपायच्या आत दुसरीचं, आणि खडू मिरजेखाली मिरज लिहीत गेला. बघता बघता त्या पोरीनं बोललेलं एक वाक्य खाट, घोंगडं, सुट्टी, येणंजाणं असं भरून उभं राहिलं. मी ताट वाजवलं. जोरात वाजवलं.

"छान," मोडकबाई म्हणाल्या. "आता पाखडूया."

पण शालूबाई उठली होती. चहाच्या टेबलावरची साखरेची बशी घेऊन ती तडक फळ्यापाशी गेली. "आता काय पाखडताय? झालं की! बनुबाईंनी बैठकीत न्हाई म्हटलं न्हाई. बायांनो, साखर घ्या. साताऱ्याच्या बनुबाईंनी सून शिकायला धाडली!"

"अहो, असं नाही," मोडकबाई घाईनं पुढं आल्या. "हे नुसते विचार असतात. नाही म्हणायचं नाही हा फेरीचा नियम होता, त्यांनी तो पाळला."

"बाई, तुमच्यात आसंल नियम. आमच्यात चौघींत गप ऱ्हायलं की दिलं."

"दिलं, दिलं," बाया म्हणाल्या. कुणी टाळ्या वाजवल्या. त्यांना खरंच आनंद झाला होता. त्यात माझी जिरली ह्याचा किती आणि पोरीचं झालं ह्याचा किती, हे देव जाणे. मला सुटायला वाट नव्हती. नाही म्हणायचं तर बनुबाईनं शब्द फिरवला, हे साताऱ्यापासनं आष्ट्यापर्यंत झालं. न म्हणायचं तर शालूबाईनं माझी सून वाटून टाकली. शालूबाईनं चिमूट उचलली आणि लीलेच्या तोंडाशी नेली.

लीलेनं तोंड उघडलं नाही.

साखर तिच्या ओठांवरनं घरंगळून पदरावर पडली. शालूबाई म्हणाली, "आ कर की गं," आणि पुन्हा चिमूट नेली, आणि लीलेनं मान बाजूला केली. ती माझ्याकडं बघत होती. एवढ्या वर्षांत ती माझ्याकडं अशी सरळ बघितलेली मला आठवत नाही. खाली बघायची, बाजूला बघायची, काम असेल तिकडं बघायची. बैठक झाली होती, बाया तिच्या बाजूच्या होत्या, तोंडाशी साखर आली होती. नुसतं तोंड उघडायचं बाकी होतं. ते ती उघडत नव्हती. ताट वाजलेलं होतं. माझी बंदी उठली होती, हे तिला ठाऊक होतं, आणि ती थांबली होती.

मी ताट आणि लाटणं खाली ठेवलं. मी म्हणाले, "तुला जायाचंय?"

मला वाटतं आमच्या घराण्यात बाईमाणसाला हा सवाल कुणी कधी केला नसेल. म्हणूनच तो माझ्या तोंडातनं परक्या माणसासारखा निघाला, वाट चुकल्यासारखा.

"व्हय, आत्या."

"आन् मागारी यायचंय?"

ती गप्प राहिली. मी थांबले. तिच्या गप्प बसण्याला मी काही धरलं नाही, ना हो, ना नाही. नुसती थांबले, आणि थांबणं एवढं जड असतं हे मला ह्याआधी ठाऊक नव्हतं. कुणीतरी खोकलं. मोडकबाई काहीतरी बोलणार होत्या, त्यांना मी हातानं गप्प केलं.

"ठाव न्हाई," लीला म्हणाली. "खोटं कशाला बोलू? ठाव न्हाई, आत्या."

"मग जा," मी म्हणाले.

बायांत कुजबुज झाली. शालूबाई चटकन पुढं झाली, तिचं तोंड उतरलं होतं. "आवं बनुबाई, घरच्या मानसाला जा म्हनत्यात व्हय? ये म्हनावं. जा म्हनू नये."

"बाळासोला ये म्हटलं होतं," मी म्हणाले.

शालूबाईनं बशी टेबलावर नेऊन ठेवली आणि माझ्याकडं पाठ करून डोळे पुसले. तिचंही एक पोरगं काश्मिराकडं होतं. थोड्या वेळानं मोडकबाई माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या की त्या उद्या मिरजेवरनंच पुण्याची रेल्वे धरणार आहेत, आजची रात्र लीला त्यांच्याजवळ राहील, सकाळी त्या स्वतः तिला सोडतील. मी मान हलवली. माझ्या गाडीला अजून अवकाश होता. बाया चपला शोधत होत्या, नेहमीपेक्षा हळू बोलत होत्या, जाताना एकेक माझ्या दंडाला हात लावून जात होती, आणि मला ते नको होतं.

आम्हा दोघींची मिळून एकच पिशवी होती. लीला भिंतीशी खाली बसली आणि तिच्यातनं आपलं काढायला लागली. एक पातळ, फणी, टॉवेल. तिला वेगळं काढताना चाचपडावं लागत होतं, कारण भरताना आम्ही काही वेगळं भरलं नव्हतं. माझी लोकरीची शाल तिच्या कपड्यांत गुंडाळून आली, ती तिनं घडी करून पुन्हा पिशवीत ठेवली.

"ऱ्हाऊ दे तुझ्याकडं," मी म्हणाले. "मिरजेला पहाटं गारठा आसतो."

मिरजेला मी कधी राहिले नव्हते. तिनं शाल पिशवीतनं पुन्हा बाहेर काढली.